मॅक मिनीची अफवा आली की भांडण पोर्टवरच का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅक मिनी म्हणजे ॲपलचा डब्याएवढा छोटा संगणक. नवा मिनी येणार अशी कुणकुण लागली की ओळखीतले चार जण मला हटकून विचारतात: थांबू का, ह्यात अमुक पोर्ट (वायर जोडायचं भोक) असेल का, टीव्हीला लावता येईल का. वीस वर्षांत प्रश्न फारसे बदललेले नाहीत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. पुढच्या मॉडेलात काय असेल ते इथे मिळणार नाही. आजवर काय झालं ते मिळेल, आणि त्यावरून पुढचा अंदाज बराच बांधता येतो.

यंत्र बाजारात यायच्या आधीच लोक पोर्टवरून एवढं का भांडतात?

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण जणू ह्या मंडळींसाठीच केलेली. पण भांडणाला कारण आहे. लॅपटॉपला स्वतःचा स्क्रीन असतो, कळफलक असतो. मिनीला स्वतःचं काहीच नसतं. २००५ साली स्टीव्ह जॉब्सनी तो दाखवला तेव्हाच सांगितलं होतं की स्क्रीन, कळफलक आणि माउस तुमचे तुम्ही आणा. म्हणजे हा डबा ज्याच्या-त्याच्या वायरींवर जगतो. त्याची पाठ पाहिली की कंपनीच्या डोक्यात गिऱ्हाईक म्हणून कोण आहे ते कळतं: विंडोज सोडून आलेला कुटुंबवत्सल माणूस, दिवाणखान्यातला सिनेमावेडा, की व्हिडिओ एडिटर. एखादं भोक कमी झालं की कोणाला तरी वाटतं, आपल्याला पंक्तीतून उठवलं. प्रोसेसर जरा मंद असला तर माणूस चालवून घेतो, पण आपली वायर जिथे शिरतच नाही तिथे तो काय करणार?

पहिल्या मिनीची अफवा खरी ठरली होती का?

तंतोतंत, आणि त्यावरून कोर्टकचेरीही झाली. डिसेंबर २००४ च्या शेवटी थिंक सीक्रेट नावाच्या संकेतस्थळानं छापलं की ॲपल ४९९ डॉलरचा, स्क्रीन नसलेला मॅक आणते आहे. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ॲपलनं त्यांच्यावर दावा ठोकला. दावा ठोकला म्हणजे बातमी खरी, हे शेंबड्या पोरालाही कळलं. ११ जानेवारी २००५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात यंत्र आलं आणि किंमत ४९९ डॉलरच निघाली. तो खटला २००७ च्या डिसेंबरात तडजोडीनं मिटला आणि संकेतस्थळ बंद झालं.

त्या पहिल्या डब्याची लांबी-रुंदी साडेसहा इंच, उंची दोन इंच, वजन सव्वा किलोच्या जरा वर. मागे एक डीव्हीआय (स्क्रीनसाठी), दोन यूएसबी, एक फायरवायर ४०० (कॅमेरा आणि डिस्क जोडायला), इथरनेट (नेटवर्कच्या वायरीसाठी), हेडफोन आणि चक्क टेलिफोनच्या मोडेमचं भोक. यूएसबी दोनच! कळफलक आणि माउस लावला की खेळ खलास. प्रिंटरला हब घ्या. आज 'पोर्ट कमी केले' म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे आठवावं. आणि ध्वनी आत घ्यायला जागाच नव्हती, त्यामुळे घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं.

एक गंमत राहिली. त्याला बाहेरून एकही स्क्रू नव्हता. रॅम बदलायची तर रंगारी भिंतीत लांबी (पुट्टी) भरायला वापरतात ती पातळ पट्टी खालच्या फटीत घालून डबा उचकटायचा. माझ्या एका मित्रानं त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून नवीकोरी पट्टी आणली आणि घरी सांगितलं की भिंतीला डाग पडलाय.

फायरवायर काढला तेव्हा एवढा आरडाओरडा का झाला? यूएसबी होतंच की.

हा प्रश्न विचारणाऱ्यानं मिनी-डीव्ही कॅमेरा हाताळलेला नसतो. २००० नंतरच्या दशकात लग्नं, मुंजी, नाटकांच्या तालमी, गणपतीच्या मिरवणुका सगळं त्या काडेपेटीएवढ्या कॅसेटवर उतरायचं. कॅसेटवरचं चित्र संगणकात घ्यायचं तर कॅसेट पूर्ण वाजवावी लागे आणि सेकंदाला साधारण साडेतीन एमबी माहिती एकसारखी, न अडखळता यावी लागे. तासाभराच्या कॅसेटचे १३ जीबी.

कागदावर यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट आणि फायरवायर ४०० चा ४००. मग यूएसबी सरस नको का? फायरवायरमध्ये व्हिडिओसाठी वेळेचा ठरावीक हिस्सा राखून ठेवायची सोय होती आणि दोन्हीकडची यंत्रं आपसात बोलून काम उरकायची. यूएसबीत सगळा कारभार संगणकाच्या हुकमानं चालतो, त्यामुळे प्रत्यक्षात बऱ्याच डिस्का फायरवायरवर जास्त वेगानं चालायच्या. शिवाय एक मॅक दुसऱ्या मॅकला नुसत्या केबलनं जोडून डिस्क म्हणून उघडता यायचा. बिघडलेल्या यंत्रातून फोटो वाचवायला ही सोय म्हणजे देवच.

२००९ मध्ये मिनीला फायरवायर ८०० मिळाला, २०१२ च्या मॉडेलापर्यंत तो टिकला, २०१४ ला गेला. पुढे थंडरबोल्ट ह्या नव्या वेगवान पोर्टला ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवून तो चालवता येत होता, पण मॅकओएस २६ 'टाहो' ह्या प्रणालीमध्ये त्याचा आधारच काढून टाकला. ज्यांच्याकडे कॅसेटी पडून आहेत त्यांनी हे नीट वाचावं. कॅसेटींचं शेवटी बोलू.

२००९ साली पाच यूएसबीवाला फोटो फिरला होता, तो खरा होता ना?

खरा होता, आणि पोर्टवरच्या वादांमध्ये माझा सगळ्यात आवडता किस्सा तोच.

ऑगस्ट २००७ नंतर जवळपास दीड वर्ष ॲपलनं मिनीला हात लावला नव्हता. लोक म्हणायला लागले की मेला. मग २००९ च्या सुरुवातीला एका मिनीच्या पाठीची चित्रं फिरली: पाच यूएसबी, फायरवायर ८००, आणि व्हिडिओसाठी दोन वेगवेगळी भोकं, एक मिनी-डीव्हीआय आणि एक मिनी डिस्प्लेपोर्ट. जाणत्यांनी हसून सोडून दिलं. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ॲपल एकाच डब्यावर जुना आणि नवा असे दोन व्हिडिओ पोर्ट कधी ठेवेल? ही कंपनी जुनं ठेवतच नाही. पाच यूएसबी म्हणजे तर अघोरी उधळपट्टी. चित्र बनावट आहे हे पटवायला लोकांनी सावल्यांचे कोनसुद्धा तपासले.

३ मार्च २००९ ला नवा मिनी आला. मागे पाच यूएसबी, फायरवायर ८००, मिनी-डीव्हीआय, मिनी डिस्प्लेपोर्ट. एन्व्हिडियाची ९४००एम ग्राफिक्स चिप दोन स्क्रीन चालवू शकत होती, म्हणून दोन पोर्ट दिले. इतकं सोपं कारण होतं. तेव्हापासून 'ॲपल असं कधीच करणार नाही' ह्या युक्तिवादावर मी पैज लावत नाही.

मुळात हा टेबलावरचा संगणक आहे की टीव्हीखालचा डबा?

वीस वर्षांच्या वादाचं मूळ हेच, आणि ॲपलनं त्याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं दिलंय.

२००६ च्या फेब्रुवारीत इंटेलचा मिनी आला तेव्हा सोबत छोटासा पांढरा रिमोट होता आणि डब्याच्या पुढच्या अंगाला त्याचा अवरक्त किरणांचा डोळा. रिमोटचं बटण दाबलं की फ्रंट रो नावाचा कार्यक्रम पडदाभर उघडायचा: सिनेमे, गाणी, फोटो, डीव्हीडी, सगळं सोफ्यावर बसून. हेडफोनच्या भोकातूनच ऑप्टिकल डिजिटल ध्वनी बाहेर पडायचा, तो घरातल्या ॲम्प्लिफायरला थेट जोडता येई. यूएसबी दोनाचे चार झाले आणि मोडेम गेला. ह्याहून जास्त 'टीव्हीखाली ठेवा' असं कोण सांगणार? पण ग्राफिक्स मात्र इंटेलची जीएमए ९५०, मुख्य मेमरीतले ६४ एमबी उसने घेणारी. बाहेर बडेजाव आणि घरात वाटीभर डाळ.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ॲपल टीव्ही हा टीव्हीला जोडायचा खास डबा आला आणि कंपनीनं स्वतःच्या हातानं मिनीला सवत आणली. तरी २०१० चा मिनी पाहून दिवाणखान्यातली मंडळी सुखावली. जून २०१० मध्ये तो ॲल्युमिनियमच्या सलग कवचात आला, उंची फक्त १.४ इंच. पॉवरची वीट पोटात गेली, खाली गोल झाकण फिरवून रॅम बदलता यायला लागली, एसडी कार्डाची फट आली आणि मॅकवर पहिल्यांदाच एचडीएमआय आलं. एका केबलीत चित्र आणि ध्वनी दोन्ही. तोवर आम्ही डीव्हीआयची केबल वेगळी, ध्वनीची वेगळी असा संसार करत होतो आणि टीव्हीमागे हात घालायला घरातली बारकी पोरं लागायची.

गंमत अशी की सगळ्यात सोयीचं हार्डवेअर आलं आणि सॉफ्टवेअर निघून गेलं. २०११ च्या 'लायन' ह्या मॅकच्या प्रणालीमध्ये फ्रंट रो नाही. त्याच वर्षीच्या मिनीत डीव्हीडी ड्राइव्हही नाही. लोकांनी प्लेक्स नाहीतर एक्सबीएमसी असे सिनेमे दाखवणारे दुसरे कार्यक्रम टाकून काम चालवलं (एक्सबीएमसीचं नाव नंतर कोडी झालं). २०१८ मध्ये रिमोटचा डोळा गेला, एसडी कार्डाची फट गेली, ऑप्टिकल ध्वनी गेला. त्या वर्षीची पाठ बघा: चार थंडरबोल्ट ३, दोन यूएसबी-ए (नेहमीचं जुनं चपटं भोक), एचडीएमआय, आणि हवं तर १० गिगाबिट इथरनेट. ही पाठ स्टुडिओची आणि सर्व्हर रूमची आहे. दिवाणखान्यातल्या माणसाला कंपनीनं हात जोडून ॲपल टीव्हीच्या दुकानाकडे वळवलं होतं.

माझं मत विचाराल तर मिनी टीव्हीला आजही उत्तम चालतो. फक्त तो टीव्हीला लावलेला संगणक आहे एवढं मान्य करायचं. सोफ्यावर माउस घेऊन बसायची लाज वाटत असेल तर हा तुमचा डबा नव्हे.

ब्लू-रे कधीच का आलं नाही?

कुठल्याच मॅकमध्ये आलं नाही, मिनीचं काय घेऊन बसलात. २००८ च्या ऑक्टोबरात जॉब्सनी परवान्यांची गुंतागुंत ही मोठी डोकेदुखी आहे असं जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं. शिवाय त्याच वेळी कंपनी आयट्यून्सवर सिनेमे विकत होती. दोन्ही कारणं खरी, कोणतं जास्त वजनदार ते तुम्ही ठरवा. तरीही दर अफवेच्या यादीत ब्लू-रे असायचंच, सत्यनारायणाच्या प्रसादात केळं असतं तसं.

जुन्या डीव्हीडी आता कशा बघू?

बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह घ्या, कुठल्याही साध्या कंपनीचा चालतो. ॲपलचा स्वतःचा सुपरड्राइव्ह २०२४ मध्ये बंद झाला. बघत बसण्यापेक्षा एकदाच डिस्कवर उतरवून ठेवलेलं बरं. घरी 'राइट' केलेल्या डीव्हीडी वर्षागणिक खराब होत जातात.

टीव्हीला एचडीएमआयनं जोडला तर चित्राच्या कडा कापल्या जातात. मिनी बिघडलाय का?

नाही, टीव्ही जुन्या सवयीनं वागतोय. पूर्वी प्रक्षेपणाच्या कडेला कचरा असायचा म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा झाकायचे. ती खोड बऱ्याच संचांत अजून आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जा; 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', '१:१' असं काहीतरी सापडेल. काही संचांत त्या एचडीएमआय पोर्टला 'पीसी' असं नाव दिलं तरी भागतं. तिथे नाहीच जमलं तर मॅकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कधीकधी 'अंडरस्कॅन'ची पट्टी दिसते, ती सरकवा. पण आधी टीव्हीत बघा, कारण मॅकमध्ये चित्र लहान केलं की अक्षरं धूसर होतात.

दुसरी तक्रार: ४के टीव्हीवर माउस गुळात अडकल्यासारखा चालतो. मिनी २०१४ चा असेल तर त्याचं एचडीएमआय ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं. सिनेमाला ते पुरतं, कामाला नाही. २०१८ पासून ६० मिळतात.

ओटीटीवर ४के दिसेल का?

नेटफ्लिक्सचं सांगतो: सफारीतच बघावं लागतं, मॅक ॲपल सिलिकॉनचा (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा) किंवा टी२ ह्या सुरक्षा चिपचा हवा, वर्गणी वरच्या दर्जाची हवी आणि टीव्हीच्या ज्या पोर्टात केबल घातली आहे त्याला एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी सोय) हवं. ह्यातली एक कडी तुटली की चित्राचा दर्जा गुपचूप उतरतो, कोणी सांगत नाही. केवळ ओटीटीसाठी मिनी घेणार असाल तर घेऊ नका. टीव्हीतलं ॲप हे काम फुकट करतं.

२०२४ च्या मिनीत एकही यूएसबी-ए नाही. माझे पेनड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल, काय करू?

आधी झालं काय ते सांगतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला ॲपलच्या एम४ चिपचा मिनी जाहीर झाला: पाच इंच बाय पाच इंच, दोन इंच उंच, तेव्हा भारतात ५९,९०० रुपयांपासून. अफवा काही महिने आधीपासूनच होती. डबा जवळपास ॲपल टीव्हीएवढा लहान होणार असं ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेच्या मार्क गुरमन यांनी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, आणि जुना यूएसबी-ए जाणार अशीही बातमी आली. त्यानंतर दोन महिने जे रण माजलं ते विचारू नका. एक पक्ष म्हणत होता की टेबलावरच्या संगणकात यूएसबी-ए काढणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा बुजवणं. दुसरा म्हणत होता, दहा वर्षं झाली यूएसबी-सी येऊन, अजून किती दिवस?

मी पहिल्या पक्षात होतो. विकत घेतल्यावर घरातल्या वस्तू मोजल्या. कायम जोडलेल्या यूएसबी-ए वस्तू तीन निघाल्या: प्रिंटर, जुनी बॅकअप डिस्क आणि कळफलक. प्रिंटरची दुसऱ्या टोकाला सी असलेली केबल मिळते. डिस्कचीही मिळते, फक्त डिस्कच्या बाजूचं भोक कसलं आहे ते बघून घ्या. कळफलकाला नखाएवढा ए-ते-सी ॲडॉप्टर बसवला, तो आता तिथेच असतो. उरले पेनड्राइव्ह. त्यासाठी एक साधा हब. एकूण खर्च हजार-दीड हजाराच्या आत आला आणि माझा पक्ष फुटला.

चूक मी एकच केली. कोपऱ्यावरच्या एका दुकानातून दोनशे रुपयांचा बिननावाचा हब उचलला. डिस्क अध्येमध्ये सुटायची आणि मॅक रागावून सांगायचा की न विचारता काढली. दुकानदार म्हणाला, "साहेब, चार्जिंगला चालतो ना?" चालतो.

कायमची डिस्क हबमध्ये लावू नका, थेट मिनीच्या पाठीत लावा, एवढं ध्यानात ठेवा.

यूएसबी-सी म्हणजे सगळे सारखेच ना?

दिसायला. यूएसबी-सी हा भोकाचा आकार आहे, वेगाची हमी नाही. एम४ मिनीच्या पुढच्या दोन भोकांचा वेग १० गिगाबिट. मागची तीन थंडरबोल्ट ४, म्हणजे ४० गिगाबिट, आणि ह्या पाचांपैकी स्क्रीन त्यांनाच जोडता येतो. एम४ प्रो असेल तर मागची तीन थंडरबोल्ट ५. पुढच्या भोकात मॉनिटरची केबल खुपसून 'चित्र येत नाही' म्हणून फोन करणारे मला आतापर्यंत तिघे भेटलेत.

केबलही तशीच. फोनबरोबर आलेली बरीचशी यूएसबी-सी केबल फक्त यूएसबी २ चा वेग देते, ४८० मेगाबिट, म्हणजे २००५ च्या मिनीएवढाच. महागडी एसएसडी घेऊन तिला ही केबल लावणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला मातीच्या ढिगाला जुंपणं.

हेडफोनचं भोक पुढे आणि चालू करायचं बटण खाली, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?

बटण डब्याच्या तळाला, मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे. डबा किंचित उचलून बोट घालायचं. जग हसलं. पण मॅक आपण रोज बंद करत नाही, झोपवतो. मला महिन्यातून एखादवेळा ते बटण लागतं. मोठ्या अंगठीचा माणूस असेल तर वैताग खरा.

हेडफोनचं मात्र मला पटलेलं नाही. हेडफोन घालून बसणाऱ्याला पुढचं भोक सोयीचं. ज्याचे स्पीकर कायमचे जोडलेले आहेत त्याच्या टेबलावर पुढून एक वायर नाकातल्या नळीसारखी लोंबते. उपाय दोन. स्पीकर मॉनिटरच्या ध्वनीच्या भोकात जोडा, नाहीतर मागच्या पोर्टात यूएसबीचा छोटा डीएसी (डिजिटल ध्वनी स्पीकरसाठी बदलून देणारं यंत्र) लावा. डीएसीनं आवाजही सुधारतो.

एसडी कार्डाची फट परत येईल का?

२०१० ते २०१४ च्या मॉडेलांत होती, तीही मागे, म्हणजे दर वेळी डबा फिरवा. आता नाही. कार्ड रीडर घ्या आणि पुढच्या भोकात लावा. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा हेच सोयीचं.

एका वेळी किती स्क्रीन जोडता येतात?

एम१ आणि एम२ ला दोन, एम४ ला तीन. शाळेतल्या जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला लावायचा असेल तर ॲडॉप्टर घ्या. २००५ च्या मिनीसोबत तो पेटीतच मिळायचा. दिवस गेले ते.

मग अफवांवर विश्वास ठेवायचा की नाही?

अफवेची जात बघायची. पाठीचा फोटो किंवा ॲपलच्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडलेला उल्लेख असेल तर कान टवकारा. २०२४ च्या सप्टेंबरात अशाच एका उल्लेखात 'पाच पोर्ट' असं दिसलं होतं आणि मागचे तीन अधिक पुढचे दोन मिळून यूएसबी-सी पाचच निघाले. अनेक वर्षं बरोबर सांगत आलेल्या बातमीदारानं लिहिलं असेल तर दिशा बहुधा बरोबर असते, मोजमाप थोडं चुकतं.

सुंदर रंगीत चित्रांवर मात्र जाऊ नका. २०२१ मध्ये वरून काचेसारखा चकचकीत, पातळ, चुंबकानं चिकटणाऱ्या पॉवर केबलीचा मिनी सगळीकडे फिरत होता. लोकांनी त्याच्यासाठी वर्षभर खरेदी अडवून धरली. जानेवारी २०२३ मध्ये एम२ आला तो त्याच जुन्या डब्यात.

आणि 'मिनी बंद होणार' ही अफवा तर ऐकूच नका. २०१४ नंतर चार वर्षं नवं मॉडेल आलं नाही. त्यातही २०१४ च्या मॉडेलात रॅम पक्की डकवलेली आणि आधीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर गायब, त्यामुळे लोकांनी श्राद्धच घातलं होतं. टिम कुक यांनी २०१७ मध्ये एका ग्राहकाला ईमेलवर कळवलं की मिनी महत्त्वाचा आहे, तरी कोणी मानेना. २०१८ च्या ऑक्टोबरात तो आला, रॅम बदलता येण्यासारखी घेऊन.

नवीन येणार असं ऐकतोय. थांबू का?

काम अडलंय? घ्या. अडलं नाही? मग मुळात घेता कशाला? पोर्टसाठी थांबायचं तर एकदा घरातल्या वायरी टेबलावर मांडा आणि त्यांतली कुठली खरोखर लागते ते बघा. माझ्या ढिगात एक मिनी-डीव्हीआय ॲडॉप्टर निघाला, त्याचा जोडीदार पोर्ट शोधायला २००९ मध्ये जावं लागेल.

आमच्याकडे वीज जाते-येते. मिनी टीव्हीखाली किंवा सर्व्हर म्हणून ठेवला तर?

लॅपटॉपसारखी बॅटरी त्यात नाही, त्यामुळे वीज गेली की तत्क्षणी बंद. सेटिंगमध्ये ऊर्जेच्या विभागात 'वीज परत आल्यावर आपोआप चालू हो' असा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर तुम्ही गावी आणि मिनी घरी आडवा, असं होतं. तळाचं बटण दाबायला शेजाऱ्याला किल्ली द्यावी लागेल, आणि ते कुठे आहे हे त्याला फोनवर समजावावं लागेल. मिनी खातो अगदी थोडी वीज, म्हणून छोटा यूपीएससुद्धा त्याला बराच वेळ ओढतो. बाहेरची डिस्क आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. एकट्या मिनीला जागं ठेवून उपयोग नाही.

मिनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा छोटा डबा घेतला तर?

पोर्टच हवे असतील तर जरूर. इंटेलनं २०१३ च्या सुमारास एनयूसी नावाचे चार इंची चौकोनी डबे आणले, पुढून-मागून यूएसबी-ए असलेले. २०२३ मध्ये इंटेलनं तो धंदा सोडला आणि असूसनं पुढे चालवला. त्यांच्यासारखे आणखी कित्येक आहेत. विंडोज किंवा लिनक्स चालणार असेल आणि रॅम-डिस्क स्वतः बदलायची हौस असेल तर तेच घ्या. पंख्याच्या आवाजाची चौकशी मात्र आधी करा, रात्री सिनेमा बघताना तो ऐकू येतो.

घरी मिनी-डीव्हीच्या कॅसेटी आहेत. आता कशा उतरवायच्या?

२००९ ते २०१२ मधला मिनी जुन्या बाजारात मिळाला तर तो घ्या, त्यात फायरवायर ८०० थेट आहे. कॅमेऱ्याला लागणारी केबल एका टोकाला नऊ पिनांची आणि दुसऱ्या टोकाला चार पिनांची हवी. २०१२ च्या मिनीवर मॅकओएस कॅटालिनापर्यंतच जातं, आणि ह्या कामाला ते पुरेसं आहे. कॅमेरा जपा, मिनी दुसरा मिळेल, चालू स्थितीतला मिनी-डीव्ही कॅमेरा मिळणं अवघड होत चाललंय. आणि आधी सांगितलं तसं, तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही.

माझा २०१२ चा मिनी केवळ एवढ्यासाठी ठेवलेला आहे. बुटांच्या दोन खोक्यांत मिळून एकूण एक्केचाळीस कॅसेटी होत्या. गेल्या दिवाळीत तीन झाल्या. त्यातली एक अख्खी कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाच्या पंगतीची आहे आणि त्या पंगतीत आमच्या ओळखीचं कोणीच नाही.